हातचा एक

ओमाहाच्या तळघरात मला परत बोलावलं
तेव्हा मी एकसष्ट वर्षांची होते,
गुडघा बदलून आठ महिने झालेले,
आणि कोबोल येणारं माणूस
घरी येणाऱ्या डॉक्टरासारखं दुर्मिळ झालेलं.

लेफ्टनंट ब्रँटने खुर्ची ओढून दिली. वय सव्वीस.
मॅडम, हे कुणी लिहिलं असेल?
सालाला दोनच घरं?
ओळ चारशे बारा. शेजारी आद्याक्षरं: एल. व्ही.
असेल कुणीतरी आळशी, मी म्हटलं.

आळस नव्हता रे.
कार्डाला ऐंशी रकाने,
त्यात अख्खा माणूस बसवायचा:
नाव, हुद्दा, धर्म, बुटाचा नंबर, आईचं गाव.
एकोणीसशे हे काय लिहायचं, सगळेच एकोणीसशेचे.
दोन घरं वाचवली
त्यात रक्तगट बसला.

शून्य-शून्यचं दुखणं सोपं होतं.
नव्व्याण्णवात एक मिळवा:
शून्य, हातचा एक.
पुन्हा शून्य, हातचा एक,
आणि हा हातचा ठेवायला घरच नाही.
तो फरशीवर सांडतो
आणि यंत्राला वाटतं, अजून कुणी जन्मलेलंच नाही.
मार्चभर आम्ही घरं वाढवत बसलो.
प्लाझ्माची मुदत, टायरांची मुदत,
एक पाद्री, ज्याची नोकरी
उणे एकाहत्तर वर्षं भरत होती.
दुपारी मी सँडविच घेऊन गाडीत बसायचे.
प्लॅट नदीकडून क्रौंच यायचे,
आवाज आधी, पक्षी मागून.

अवघड निघाली ती दुसरीच फाइल.
अडुसष्ट साली साहेबांनी विचारलेलं,
जे परतले नाहीत
आणि गेल्याचंही कळलं नाही,
त्यांच्या परतीच्या रकान्यात काय भरायचं?
रिकामं ठेवलं की यंत्र अडतं.
मी म्हटलं, नऊ-नऊ-नव्व्याण्णव भरा.
म्हणजे कधीच नाही.
तिशीची होते. एकतीस वर्षं म्हणजे
कधीच नाही, असं वाटायचं वय.

चाचणीसाठी ब्रँटने घड्याळ पुढे ढकललं.
दहा सप्टेंबर, सकाळचे सहा.
प्रिंटर खोकला आणि सुरू झाला.
एकेचाळीस जण रुजू.
कुबिक, इर्विन जे., सार्जंट. हजर.
ब्लँकेट एक.
बूट एक जोड, साडेदहा नंबर.
थकलेला पगार, मेसचे पैसे वजा जाता.
शिल्लक रजा नऊशे तीस दिवस.

ब्रँट हसला.
मग माझ्याकडे बघून हसायचा थांबला.

इर्व, तुझ्या बुटाचा नंबर मी विसरले होते.
चेक हॉलमध्ये पोल्का नाचताना
माझ्या अंगठ्यावर पडलेला तो पाय,
महिनाभर नख काळं होतं,
ते विसरले नव्हते.
तुझी आई दर नाताळात मला कार्ड पाठवायची.
त्याच्यावर तुझंही नाव असायचं.
ब्याऐंशीपर्यंत.

आता रिकामं ठेवता येतं, ब्रँट हळूच म्हणाला,
नवीन यंत्र अडत नाही.

रिकामं?
मी उठून पाणी प्यायले.
प्रिंटरचा कागद फाडला, घडी घालून
पर्समध्ये टाकला. सरकारी मालमत्ता.
ब्रँटला तेव्हाच बुटाची नाडी बांधायची होती.

मग चार घरांत चार नऊ भरले.
आठ हजार वर्षांची सोय.
एकेचाळीस वेळा, एकेक करून,
एका आज्ञेत झालं असतं तरी.

ओळ चारशे बाराच्या खाली
पुढच्या माणसासाठी टीप ठेवली:
ही तारीख नाही. हातचा आहे.
या वेळी जागेची टंचाई नव्हती.
पूर्ण नाव लिहिलं.
लॉर्ना व्हेसेली.